विश्लेषण : डॉक्टरच अडखळू लागला, तर त्याने कुणाला सांगायचे?

मोठ्या सरकारी रुग्णालयात असा एखादा निवासी डॉक्टर असतोच, ज्याच्याविषयी वॉर्डातल्या सगळ्यांना कल्पना असते. तो राउंडला उशिरा येतो, केसपेपरवरच्या नोंदी अर्धवट सोडतो, नातेवाइकांवर खेकसतो, एकाच रुग्णाच्या औषधाचा डोस दोनदा विचारतो. सिस्टर त्याने लिहिलेली औषधे दुसऱ्या डॉक्टरला दाखवून मगच देतात. बरोबरीचे डॉक्टर त्याची कामे आपसात वाटून घेतात आणि पाठीमागे त्याला ‘ढिला’ म्हणतात. विभागप्रमुखांच्या कानावर गेले की सगळ्यांसमोर झाडाझडती होते. त्याला झाले आहे तरी काय, हे विचारायचे मात्र राहून जाते. झोपेचा अभाव, नैराश्य, व्यसन, घरचा ताण, वरिष्ठांचा जाच की शिकण्यात राहून गेलेली उणीव, यातले काहीही असू शकते आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. रुग्णालयांकडे उपाय दोनच आहेत. एक, झाकून नेणे. दुसरा, प्रकरण अंगाशी आले की शिक्षा करणे. या दोन्हींच्या मधला मार्ग राज्यात नाही आणि त्याची किंमत डॉक्टरइतकीच रुग्णही मोजतो.

नियम काय सांगतो, ड्युटी किती होते?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची निवासी डॉक्टरांबाबतची योजना ५ जून १९९२ ची आहे. सलग ड्युटी सर्वसाधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नसावी आणि कनिष्ठ निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ४८ तासांचे असावे, असे त्यात म्हटले आहे. तिला ३० वर्षे उलटून गेली. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला हे आकडे सांगितले तर तो हसेल. मेडिसिन, शल्यचिकित्सा, स्त्रीरोग किंवा बालरोग विभागात इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी कामावर आलेला डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी किंवा संध्याकाळी खोलीवर जातो. २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमावलीत राष्ट्रीय वैद्यक आयोगाने (एनएमसी) तासांचा आकडा न देता ‘वाजवी’ तास आणि ‘वाजवी’ विश्रांती एवढेच लिहिले. वाजवी म्हणजे किती, हे ज्याच्या हातात ड्युटीचा तक्ता आहे तोच ठरवतो.

पुढच्याच वर्षी याच आयोगाच्या कृती दलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. त्यांतील ४५ टक्क्यांनी आठवड्याला ६० तासांहून अधिक काम होत असल्याचे सांगितले आणि ५६ टक्क्यांना साप्ताहिक सुटी नियमित मिळत नव्हती. आत्महत्येचे विचार मनात येऊन गेल्याचे सांगणारे ३१ टक्के होते. पाहणी ऐच्छिक होती, त्यामुळे ज्यांना त्रास होता त्यांनीच अधिक संख्येने उत्तरे दिली असतील, असा आक्षेप घेता येतो. तो मान्य केला तरी दीड हजारांहून अधिक तरुण डॉक्टरांनी हे लिहून दिले, ही गोष्ट उरतेच. कृती दलाने आठवड्याला कमाल ७४ तास आणि एक पूर्ण सुटी अशी शिफारस केली : एक ड्युटी २४ तासांची, बाकी पाच दिवस दहा-दहा तासांचे. म्हणजे १९९२ च्या ४८ तासांवरून ७४ वर येणे, ही आज सुधारणा ठरते!

झोपेचा आणि चुकीचा संबंध तर्काने सांगण्याची गरज नाही. सलग २४ तास जागे राहिलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात सुमारे ०.१० टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते, असे १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात आढळले. भारतात वाहनचालकासाठी ही मर्यादा ०.०३ टक्के आहे. तिच्या तिप्पट अवस्थेतल्या माणसाकडे गाडीची किल्ली द्यायला कायदा मनाई करतो, पण अतिदक्षता विभागातला व्हेंटिलेटर मात्र त्याच्या हाती असतो. बोस्टनमधील रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या शिकाऊ डॉक्टरांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लांबलचक ड्युटीच्या पद्धतीत गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त आढळल्या.

याला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत २००३ पासून आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे. ती कायम ठेवून सलग ड्युटीची अट सैल केली, तरी रुग्णांच्या मृत्युदरात लक्षणीय फरक पडला नाही, असे नंतरच्या मोठ्या चाचण्यांत दिसले. ड्युटी लहान झाली की एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे रुग्ण सोपवण्याचे प्रसंग वाढतात आणि त्यातही माहिती गळते. तेव्हा फक्त तास कमी केल्याने प्रश्न सुटेल असे नाही. डॉक्टर अडखळतो आहे हे वेळेत कुणाच्या तरी लक्षात येणे आणि ते बोलता येणे, हा वेगळाच प्रश्न आहे.

मग तो बोलत का नाही?

कारण ज्याला सांगायचे, त्याच्याच हातात सगळे असते. निवासी डॉक्टरचा विभागप्रमुख हा त्याचा कामावरचा साहेब असतो, शिक्षक असतो आणि बहुतेक वेळा प्रबंधाचा मार्गदर्शक किंवा मार्गदर्शकाचा वरिष्ठही. रजेच्या अर्जावर सही त्याची, प्रबंध पुढे जाणार की नाही हे तो ठरवणार, परीक्षेच्या वेळी विभागातले वजनही त्याचेच. कोणत्याही खासगी कंपनीत एका माणसाकडे इतके अधिकार एकवटलेले नसतात. अशा माणसाच्या केबिनमध्ये जाऊन ‘सर, मला झेपत नाही’ म्हणणे म्हणजे तीन वर्षे डोक्यावर शिक्का घेऊन फिरणे. शिवाय ‘आमच्या वेळी आम्ही ४८-४८ तास उभे राहिलो’ हे वाक्य तिथे तयारच असते. ते खरेही असते. त्या काळात चुका किती झाल्या, हे सांगणारी नोंदवही मात्र कुणी ठेवलेली नसते.

सोडून जाणेही सोपे नाही. अनेक राज्यांत पदव्युत्तर जागा मध्येच सोडली की लाखो रुपयांचा दंड भरावा लागतो. हा दंड राज्यांनी रद्द करावा, असे एनएमसीने जानेवारी २०२४ मध्ये कळवले. त्यामागे निवासी डॉक्टरांच्या मानसिक आरोग्याचेच कारण दिले होते. राहता येत नाही आणि जाताही येत नाही, अशा अवस्थेत माणूस गप्प बसतो.

महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात जाता येते, असे अधिष्ठाता सांगतात. तिथे ओपीडीत केसपेपर काढणारा ओळखीचा, बाकावर बसलेले नातेवाईक आपल्याच वॉर्डातल्या रुग्णाचे आणि तपासणारा डॉक्टर वसतिगृहात शेजारच्या खोलीत राहणारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. पण मेसच्या टेबलावर हा कायदा कोण लागू करणार? कृती दलाच्या पाहणीतही मदत न घेण्यामागे गोपनीयतेची भीती ठळकपणे पुढे आली.

तालुक्याच्या गावात वीस खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरची कोंडी आणखी वेगळी. त्याच्या वर कुणीच नाही. रात्री-अपरात्री सिझेरियन तोच करतो, कर्जाचे हप्ते तोच भरतो, तोडफोडीची भीती त्यालाच. संध्याकाळच्या दोन पेगचे चार कधी झाले, हे कंपाउंडर आणि भूलतज्ज्ञ यांना माहीत असते. दोघेही बोलत नाहीत. भूलतज्ज्ञ फार तर पुढच्या वेळी ‘आज जमणार नाही’ म्हणतो.

झाकायचे, नाही तर झोडपायचे

व्यवस्था जागी होते ती मृत्यू झाल्यावर. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले; त्यात नवजात बालके मोठ्या संख्येने होती. औषधे, मनुष्यबळ, इतर जिल्ह्यांतून शेवटच्या घटकेला पाठवलेले रुग्ण, असे अनेक प्रश्न त्यामागे होते. राज्याच्या स्मरणात राहिले ते वेगळेच चित्र : खासदार उभे आहेत आणि प्रभारी अधिष्ठाता हातात झाडू घेऊन स्वच्छतागृह साफ करत आहेत. खासदारांवर गुन्हा दाखल झाला, पाठोपाठ अधिष्ठात्यांवरही झाला. रिकाम्या पदांवर आणि औषधखरेदीवर मात्र कोणताही गुन्हा दाखल होत नसतो.

राजस्थानातील दौसा जिल्ह्यात मार्च २०२२ मध्ये प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एका महिलेचा मृत्यू झाला. संबंधित स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरवर पोलिसांनी थेट खुनाचा गुन्हा नोंदवला आणि दुसऱ्या दिवशी तिने आयुष्य संपवले. वैद्यकीय निष्काळजीचा गुन्हा नोंदवण्यापूर्वी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे मत घ्यावे, हे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ सालीच सांगितले होते. अमेरिकेतील डॉ. अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये अशा डॉक्टरांसाठी ‘दुसरा बळी’ हा शब्द वापरला. रुग्ण हा पहिला बळी आणि चुकीच्या ओझ्याखाली दबणारा डॉक्टर दुसरा. आपला माणूस गमावलेल्या नातेवाइकांना हा शब्द बोचतो आणि तो बोचणे स्वाभाविकही आहे.

ब्रिटनने यातून काय शिकले?

या दोन्ही चुका ब्रिटनने आधीच करून पाहिल्या आहेत. भारतातल्या वैद्यक परिषदांचा साचा तिथूनच आला, त्यामुळे तिथला अनुभव परका नाही. तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलने (जीएमसी) २०१४ मध्ये स्वतःचाच आढावा प्रसिद्ध केला. २००५ ते २०१३ या काळात परिषदेची चौकशी सुरू असताना २८ डॉक्टरांनी आत्महत्या केल्याचे किंवा तसा संशय असल्याचे त्यात निघाले. त्यांतल्या अनेकांना आधीपासून नैराश्य किंवा व्यसन होते. आजारी माणसापुढे परिषदेची कायदेशीर भाषेतली नोटीस येऊन पडत होती. पुढे परिषदेला आपली कार्यपद्धती बदलावी लागली.

दुसरे प्रकरण डॉ. हादिझा बावा-गरबा यांचे. फेब्रुवारी २०११ मध्ये लेस्टरच्या रुग्णालयात सहा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. वर्षभराहून अधिक प्रसूती रजेनंतर कामावर परतलेल्या बावा-गरबा त्या दिवशी बालरोग विभागात गैरहजर सहकाऱ्याचेही काम पाहत होत्या. वरिष्ठ तज्ज्ञ दुसऱ्या गावी शिकवायला गेले होते. संगणक यंत्रणा काही तास बंद पडली, रक्ताचे अहवाल रखडले. मुलाला न्यूमोनियातून जंतुसंसर्ग झाला होता. त्याचे निदान उशिरा झाले, अँटिबायोटिक उशिरा दिले गेले. शेवटी त्याचे हृदय थांबले तेव्हा त्यांनी दुसऱ्याच रुग्णाशी गफलत करून काही क्षण उपचार थांबवायला सांगितले. मुलगा गेला. चुका त्यांच्या होत्या, हे त्यांनीही नाकारले नाही. २०१५ मध्ये त्यांना सदोष मनुष्यवधाबद्दल दोन वर्षांची निलंबित शिक्षा झाली. न्यायाधिकरणाने वर्षभर परवाना निलंबित केला. पण ते जीएमसीला पुरेसे वाटले नाही. ती उच्च न्यायालयात गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यांचे नाव नोंदवहीतून कायमचे काढले गेले.

त्यानंतर ब्रिटनमध्ये जे झाले ते महत्त्वाचे. तिथे शिकाऊ डॉक्टरांनी आपल्या चुकांवर लेखी चिंतन करायचे असते. ‘आपणच लिहिलेले आपल्याविरुद्ध वापरले जाईल’ अशी भीती देशभर पसरली आणि डॉक्टर हात राखून लिहू लागले. अपील लढवण्यासाठी सहव्यावसायिकांनी वर्गणी काढून लाखो पौंड जमवले. ऑगस्ट २०१८ मध्ये अपील न्यायालयाने त्यांचे नाव परत नोंदवहीत घेतले. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या नॉर्मन विल्यम्स समितीने न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध अपील करण्याचा जीएमसीचा अधिकार काढून घ्यावा, अशी शिफारस केली. मुलाची आई या साऱ्या काळात डॉक्टरच्या पुनरागमनाविरुद्ध ठामपणे लढत राहिली. तिची बाजू मांडल्याशिवाय हे प्रकरण सांगणे अर्धवट ठरेल. पण त्या दिवशी वॉर्डात डॉक्टर कमी का होते आणि वरिष्ठ कुठे होते, या प्रश्नांची उत्तरे शिक्षेमुळे मिळाली नाहीत. पुढच्या मुलाचा जीव वाचणार होता तो त्या उत्तरांमुळे.

तिसरा मार्ग ब्रिटनने याच काळात उभा केला. २००८ मध्ये लंडनमध्ये डॉ. क्लेअर गेराडा यांच्या नेतृत्वाखाली डॉक्टरांसाठी स्वतंत्र गोपनीय उपचारसेवा सुरू झाली. पुढे ती इंग्लंडभर पोहोचली. डॉक्टर स्वतःहून संपर्क साधतो. त्याच्या रुग्णालयाला, विभागप्रमुखाला, परिषदेला आपोआप काही कळवले जात नाही. उपचार करणारे त्याच्या रुग्णालयातले नसतात. कामातल्या कौशल्याविषयी शंका असेल तर त्यासाठी २००१ पासून वेगळी यंत्रणा आहे. ती रुग्णालय प्रशासनाला सल्ला देते, डॉक्टरच्या कामाचे मूल्यमापन करते, मर्यादित जबाबदारीवर परत येण्याचा आराखडा आखून देते. आजार आणि अकौशल्य यांची गल्लत होऊ द्यायची नाही, हे त्यामागचे तत्त्व.

व्यसनाच्या बाबतीत अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. तिथे बहुतेक राज्यांत व्यसनी डॉक्टरांसाठी उपचार, अचानक होणारी लघवीची तपासणी आणि पाच वर्षांची देखरेख असा कार्यक्रम आहे. अशा १६ कार्यक्रमांतल्या सुमारे ९०० डॉक्टरांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची माहिती मिळाली त्यांच्यापैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक डॉक्टर पाच वर्षांनंतर परवान्यासह काम करत होते. सर्वसाधारण व्यसनमुक्ती उपचारांत असे यश क्वचितच दिसते. अर्थात तिथेही सारे आलबेल नाही. परवान्याच्या अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारण्याची प्रथा अनेक राज्यांत होती, त्यामुळे डॉक्टर उपचार टाळत. करोनाच्या पहिल्या लाटेत न्यू यॉर्कमधील डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी आत्महत्या केली, त्यानंतर त्यांच्या नावाने २०२२ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कायदा झाला.

मग रुग्णाने काय करायचे?

सर्वांत रास्त आक्षेप हाच आहे. डॉक्टरांना सांभाळून घेणारी व्यवस्था आधीच भरभक्कम आहे, असे रुग्णांना वाटते आणि त्यात तथ्य आहे. वैद्यक परिषदेकडे केलेली तक्रार वर्षानुवर्षे पडून राहते, एका डॉक्टरविरुद्ध दुसरा डॉक्टर साक्ष देत नाही. त्यात आणखी एक ‘गोपनीय’ यंत्रणा कशाला?

उत्तर असे, की गोपनीयतेला मर्यादा घालावीच लागते. ब्रिटनमधल्या सेवेतही रुग्णांना धोका आहे असे दिसले आणि डॉक्टर काम थांबवायला तयार नसेल, तर परिषदेला कळवले जाते. आज महाराष्ट्रात जी गोपनीयता आहे, ती याहून वाईट आहे. भूलतज्ज्ञाला, सिस्टरला, सहनिवासी डॉक्टरला सगळे माहीत असते, पण त्याचे काही करण्याची जबाबदारी कुणावरच नसते. सर्जनचा हात थरथरतो, हे गावात सर्वांत शेवटी रुग्णाला कळते. जिथे सांगितल्याने नोकरी किंवा पदवी जाणार नाही अशी जागा असेल, तर सांगणारे पुढे येतील. आणि ते पुढे आले तरच रुग्ण वेळेत वाचेल. डॉक्टरला वाचवण्याचा मुद्दा यानंतरचा.

महाराष्ट्रात काय शक्य आहे?

नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ परीक्षा घेते आणि महाविद्यालयांना संलग्नता देते. अडचणीतल्या निवासी डॉक्टरसाठी विभागाबाहेरचा, शक्यतो दुसऱ्या महाविद्यालयातला अध्यापक संपर्कासाठी नेमणे, प्रबंध मार्गदर्शक बदलून घेण्याचा अर्ज थेट विद्यापीठाकडे करता येणे, आजारपणाच्या रजेनंतर पहिले काही आठवडे रात्रपाळीविना काम देणे, एवढ्या गोष्टी विद्यापीठ परिपत्रकाने करू शकते. महाराष्ट्र वैद्यक परिषद दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करते आणि त्यासाठी ३० श्रेयांक तासांचे प्रशिक्षण मागते. तालुक्यातल्या एकट्या डॉक्टरपर्यंत नियमाने पोहोचणारी ही एकमेव संस्था आहे. पण तिची शिस्तभंग समिती आणि उपचारसेवा एका छपराखाली असता कामा नये, नाही तर तिथे कुणी फिरकणार नाही.

खर्चाची सबब पुढे येईलच. पदव्युत्तर जागेसाठी वर्षानुवर्षे अभ्यास केलेला डॉक्टर दुसऱ्या वर्षाला सोडून गेला, की ती जागा उरलेला काळ रिकामी राहते आणि त्याची ड्युटी उरलेल्यांच्या वाट्याला येते. मग त्यांतला पुढचा अडखळू लागतो. विभागप्रमुखांनाही केवळ खलनायक ठरवून चालणार नाही. त्यांना शस्त्रक्रिया शिकवली गेली, माणसे सांभाळायला कुणी शिकवले नाही. अध्यापकांची पदे रिकामी असताना ओपीडीतल्या शेकडो रुग्णांचा भार निवासी डॉक्टरांवर ढकलण्यावाचून त्यांच्याकडे दुसरा मार्गही नसतो.

तोवर उपलब्ध आहे ती ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन. १४४१६ या क्रमांकावर ती दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येते. आत्महत्येचे विचार येत असतील, तर कोणत्याही डॉक्टरने, विद्यार्थ्याने किंवा त्यांच्या घरच्यांनी तिथे फोन करावा. पलीकडचा समुपदेशक ऐकून घेईल, धीर देईल, मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देईल. उद्या सकाळी आठला सुरू होणाऱ्या ३६ तासांच्या ड्युटीवरून त्या डॉक्टरचे नाव काढणे मात्र त्याच्या हातात नाही. ते अजूनही विभागप्रमुखांच्याच हातात आहे.